चार बांध मोजून वावराचं क्षेत्रफळ निघत नाही

वावर मोजायची एक रीत खानदेशात बांधावरच्या प्रत्येकाला पाठ असते. समोरासमोरचे दोन बांध मोजायचे, बेरीज करून निम्मं करायचं. उरलेल्या दोन बांधांचंही तसंच. आलेल्या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा, १०८९ ने भागायचं, झाले गुंठे. नांगरणीचा हिशेब, बटाईचा सौदा, केळीच्या रोपांची ऑर्डर, ठिबकच्या नळ्या, सगळं या एका गुणाकारावर चालतं.

ही रीत फक्त एकाच आकाराला बरोबर उत्तर देते: ज्याचे चारही कोपरे काटकोनात आहेत अशा वावराला. कोपरे जरा तिरके झाले की उत्तर फुगतं. फुगतंच, कमी कधी येत नाही. जमीन विकणाऱ्याला ही रीत आवडते ते उगाच नाही.

खाली चौरसापासून वाकड्यातिकड्या नाल्याकाठापर्यंत एकेक आकार घेतला आहे. गणित सातवी-आठवीचंच आहे. चुकतं ते बहुतेक टेप धरताना, म्हणून तिथे जास्त बोललो आहे.

आधी सामान आणि एकक

५० मीटरचा (साधारण १६४ फुटी) फायबरचा टेप, दोन माणसं, सात-आठ खुंट्या, नायलॉनची दोरी आणि वही. टेपच्या एका बाजूला फूट आणि दुसऱ्या बाजूला मीटर असतात. एकदा जी बाजू धरली ती शेवटपर्यंत धरा. काही टेपचं शून्य कडीच्या टोकाशी असतं, काहींचं कडीच्या पुढे. ते आधी पाहून घ्या. दोरीने अंतर मोजू नका, दोरी ताणते. दोरी फक्त रेषा सरळ ठेवायला. दोन खुंट्यांमध्ये टेपच्या लांबीपेक्षा जास्त अंतर असेल तर मधल्या खुंट्या नजरेने एका ओळीत आणा, नाहीतर टेप नागमोडी जातो आणि लांबी वाढते.

एक फुटाची चूक किरकोळ वाटते. २०० बाय ३०० फुटांचं वावर ६०,००० चौरस फूट. दोन्ही बाजूंना एकेक फूट जास्त धरला तर २०१ × ३०१ = ६०,५०१. जवळपास अर्धा गुंठा हवेतून तयार झाला.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस, म्हणून १०८९ चौरस फूट. हा ३३ चा आकडा आला जुन्या मोजणीच्या साखळीवरून. ती साखळी ३३ फुटांची असायची आणि तिचे सोळा आणे पाडलेले असायचे. साखळीचा चौरस तो गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. या साखळीवर त्या काळी लोकांचा भरवसा नव्हता हेही खरं. १८५२ साली सावदा-फैजपूरकडच्या शेतकऱ्यांनी इंग्रजांच्या मोजणीला उघड विरोध केला होता.

दशांशाचे दोन सापळे इथेच सांगून टाकतो. १ एकर २० गुंठे म्हणजे १.२० एकर नव्हे, दीड एकर. आणि १२ फूट ६ इंच म्हणजे १२.६ फूट नव्हे, १२.५ फूट. इंचाला बाराने भागायचं, मगच कॅल्क्युलेटरला हात लावायचा.

चौरस आणि आयत

चौरसाला बाजू × बाजू, आयताला लांबी × रुंदी. यात समजावण्यासारखं फार नाही. एवढंच ध्यानात ठेवा की बाजू दुप्पट केली तर क्षेत्र चौपट होतं. ३३ फुटी चौरस एक गुंठा, ६६ फुटी चौरस चार गुंठे. आणि बांधावरून फेरी मारून वावराचा अंदाज बांधू नका. २०० × ५० च्या पट्ट्याला ५०० फूट कुंपण लागतं, १२५ × १२५ च्या चौरसालाही ५०० फूटच लागतं. पहिल्यात १०,००० चौरस फूट जमीन आहे, दुसऱ्यात १५,६२५.

घरातली खोली घ्या. १२ फूट ६ इंच × १० फूट ९ इंच. म्हणजे १२.५ × १०.७५ = १३४.३७ चौरस फूट. दोन बाय दोनची फरशी चार चौरस फुटांची, म्हणून ३३.६, म्हणजे ३४ फरश्या. पण फरशी कापली जाते. एका दिशेला सहा पूर्ण फरश्या बसून अर्धा फूट उरतो, दुसऱ्या दिशेला पाच बसून पाऊण फूट. पूर्ण फरश्या ३०, बाकी पट्ट्या. मिस्तरीने कापलेले तुकडे जपून वापरले तर ३४ मध्ये भागतं, नाहीतर दोन-तीन जास्त लागतात. म्हणून क्षेत्रफळाच्या आकड्यावर थोडं चढवून माल आणायचा. स्लॅब आणि प्लास्टरच्या कामात १०० चौरस फुटांचा ब्रास धरतात. वाळूचा ब्रास मात्र १०० घनफुटांचा, त्यात उंचीही येते. दोन्हींची गल्लत करणारे ठेकेदार पाहिले आहेत.

आता मुख्य प्रश्न. समोरचा तुकडा आयतच आहे हे कशावरून? दोन तपासण्या आहेत. पहिली मिस्तरी पाया आखताना करतात ती: कोपऱ्यापासून एका बांधावर ३० फुटांवर खुंटी, दुसऱ्या बांधावर ४० फुटांवर खुंटी, आणि त्या दोन खुंट्यांमधलं अंतर मोजायचं. बरोबर ५० भरलं तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. ५० पेक्षा जास्त भरलं तर कोपरा उघडा आहे, कमी भरलं तर मिटलेला. खोलीत हेच ३, ४, ५ फुटांवर करता येतं, पण वावरात मोठे आकडेच घ्या. लहान त्रिकोणात कोपऱ्याचा बारीक तिरकेपणा टेपवर दिसत नाही.

दुसरी तपासणी: समोरासमोरच्या बाजू सारख्या भरल्या, तर दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे असतील तरच आयत. एक लांब आणि एक आखूड निघाला तर ते वावर कललेलं आहे, आणि लांबी × रुंदी त्याला लागू नाही.

कललेला चौकोन किती फसवतो

जुनी बाज आठवा, जिचे सांधे ढिले झालेत. चारही गातांची, म्हणजे चौकटीच्या दांड्यांची, लांबी तीच राहते, पण कोपऱ्याला धरून ढकललं की चौकट तिरपी होते आणि मधली जागा कमी होते. १०० फूट बाजूंचा चौरस १०,००० चौरस फूट. तोच ढकलून एक कोपरा ६० अंशांचा केला तर ८,६६०. ३० अंशांचा केला तर ५,०००, बरोबर निम्मा. चारही बाजू प्रत्येक वेळी १०० फूटच.

चार बाजू दिल्या की चौकोन ठरत नाही ही गोष्ट आपल्याच मुलखात आठशे वर्षांपूर्वी शिकवली जात असणार. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला, पाटणादेवीच्या परिसरात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तिथला यादवकाळातला शिलालेख तसं सांगतो. त्या ग्रंथांपैकी ‘लीलावती’ साधारण ११५० सालची. तीत भास्कराचार्य स्पष्ट म्हणतात की लंब किंवा कर्ण यांपैकी एकही न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच म्हणावा, आणि त्याचं ठाम उत्तर देणारा तर त्याच्याही वरचा. बांधावरच्या सरासरीला याहून कडक शेरा कुणी मारलेला नसावा.

तेव्हा चौकोनी वावराला पाच मोजमापं लागतात: चार बांध आणि एक कर्ण. पाचवं माप घेतलं की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण ढकलून तिरपा करता येत नाही. त्याच्या तीन बाजू ठरल्या की सगळंच ठरतं.

त्रिकोण

नाल्याकडेला किंवा रस्ता तिरपा गेला की तिकोनी तुकडा उरतो. त्याचं क्षेत्रफळ पाया × उंची ÷ २. पाया म्हणजे कुठलाही एक बांध. उंची म्हणजे समोरच्या कोपऱ्यापासून त्या बांधावर काटकोनात टाकलेली रेषा. शेजारचा तिरपा बांध म्हणजे उंची नव्हे. चूक इथेच होते.

समजा तिकोनी तुकड्याचे बांध १३०, १४० आणि १५० फूट आहेत. १४० चा पाया धरला आणि १३० चा बांध उंची समजून गुणला तर ९,१०० चौरस फूट येतात. खरी उंची १२० आहे, म्हणून १४० × १२० ÷ २ = ८,४००. सातशे चौरस फुटांचा फरक.

वावरात उंची शोधायची कशी? पायाच्या बांधावर दोरी ताणून ठेवा. एकाने टेपचं शून्य समोरच्या कोपऱ्यावर धरायचं, दुसऱ्याने टेपचं दुसरं टोक घेऊन दोरीच्या कडेने चालायचं, टेप ताठ ठेवून. आकडा कमी कमी होत जाईल, मग वाढायला लागेल. सगळ्यात लहान आकडा म्हणजे उंची, आणि तो जिथे मिळाला तिथे लंबाचा पाय. वरच्या उदाहरणात तो १३० च्या बांधाच्या कोपऱ्यापासून ५० फुटांवर येईल.

मध्ये विहीर, झाड किंवा उभं पीक असल्याने उंची घेता येत नसेल तर तीन बाजूंवरून क्षेत्रफळ निघतं. तिन्ही बाजूंची बेरीज करून निम्मी करा: (१३० + १४० + १५०) ÷ २ = २१०. त्यातून एकेक बाजू वजा करा: ८०, ७०, ६०. आता चारही आकडे गुणा: २१० × ८० × ७० × ६० = ७,०५,६०,०००. याचं वर्गमूळ ८,४००. शाळेत याला हिरोचं सूत्र म्हणून शिकवतात. पाठ करायची गरज नाही. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटण असतं, फोन आडवा धरला की बहुधा दिसतं.

खरं वावर: चार बांध, एक कर्ण

आता पूर्ण उदाहरण. कोपऱ्यांना ओळीने अ, ब, क, ड नावं द्या आणि वहीत कच्चं चित्र काढा. आकडे चित्रावरच लिहा, वेगळ्या यादीत नको. संध्याकाळी घरी बसल्यावर कुठला आकडा कुठल्या बांधाचा हे आठवत नाही.

अब २२५ फूट, बक ३४७, कड २३६, डअ ३२५. कर्ण अक ५०० फूट.

कर्णाच्या रेषेवर दोरी ताणली आणि दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपासून लंब मोजले. ब पासून १३५ फूट, ड पासून १२५ फूट. दोन्ही त्रिकोणांचा पाया एकच, म्हणून हिशेब एका ओळीचा:

कर्ण × (दोन्ही लंबांची बेरीज) ÷ २ = ५०० × २६० ÷ २ = ६५,००० चौरस फूट.

१०८९ ने भागा: ५९.६९ गुंठे, म्हणजे १ एकर आणि पावणेवीस गुंठ्यांच्या किंचित आत.

लंब मोजले नसते तरी तीन-तीन बाजूंवरून उत्तर मिळालं असतं. पहिला त्रिकोण २२५, ३४७, ५०० चा: ३३,६७८. दुसरा ३२५, २३६, ५०० चा: ३१,२९३. बेरीज ६४,९७१. अर्धा फूट इकडेतिकडे धरून मोजलेल्या वावरात तीस चौरस फुटांचा फरक चालतो. दोन्ही रीतींनी उत्तर जुळलं की समजा मोजणी नीट झाली. फरक गुंठ्याच्या घरात गेला तर एखादा आकडा चुकीचा वाचला आहे. परत वावरात जा.

आणि बांधावरची सरासरी काय म्हणते? (२२५ + २३६) ÷ २ = २३०.५. (३४७ + ३२५) ÷ २ = ३३६. गुणाकार ७७,४४८ चौरस फूट, म्हणजे ७१.१२ गुंठे. तब्बल सव्वाअकरा गुंठ्यांहून जास्तीचा फुगवटा. याच वावरात पाच बाय पाच फुटांवर केळी लावायची असेल तर एका रोपाला २५ चौरस फूट लागतात. खऱ्या क्षेत्रात २,६०० रोपं बसतात, सरासरीवाला ३,०९७ मागवतो. रावेर-यावलकडे टिश्यू कल्चरची रोपं घेणाऱ्याला पाचशे रोपं म्हणजे काय हे सांगायला नको. कपाशीचंही तसंच: चार बाय दीड फुटांवर एका झाडाला सहा चौरस फूट, एकरी ७,२६० झाडं.

नांगरणीचा सौदा करताना ट्रॅक्टरवाल्याशी यावरून वाद घालू नका म्हणा हवं तर. तो सरासरीनेच मोजणार. पण आपला आकडा आपल्याला ठाऊक असलेला बरा.

उभ्या बागेत कर्ण कसा मोजणार

मार्चमध्ये पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून वावर मोकळं झालं की कर्ण सहज मोजता येतो. पण केळीची उभी बाग असेल तर या कोपऱ्यावरून तो कोपरा दिसतच नाही. मग कोपऱ्यावरच काम करायचं.

ब कोपऱ्यापासून दोन्ही बांधांवर ३० फुटांवर एकेक खुंटी ठोका. त्या दोन खुंट्यांमधलं अंतर मोजा. आपल्या वावरात ते ५२ फूट भरलं असं धरू. आता:

१. ५२ ला ३० ने भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा: ३.००४.
२. त्याला दोन्ही बांधांनी गुणा: २२५ × ३४७ × ३.००४ = सुमारे २,३४,५७०.
३. दोन बांधांमधल्या फरकाचा वर्ग त्यात मिळवा: ३४७ – २२५ = १२२, त्याचा वर्ग १४,८८४. एकूण २,४९,४५४.
४. वर्गमूळ घ्या: ४९९.५ फूट.

प्रत्यक्ष कर्ण ५०० होता. बागेत पाऊल न टाकता अर्ध्या फुटाच्या आत आलो. फक्त खुंट्यांमधलं अंतर इंचापर्यंत काळजीने मोजा, कारण तिथला एक इंच कर्णात पाऊण फूट होऊन बसतो. बांध सरळ असेल तर ३० च्या जागी ६० फूट घेतले तर आणखी बरं. मग पहिल्या पायरीत ६० ने भागायचं.

समलंब चौकोन, आणि शेततळ्याचा कागद

दोन बाजू समांतर आणि बाकीच्या दोन तिरप्या असतील तर दोन समांतर बाजूंची बेरीज निम्मी करून त्यांच्यामधल्या काटकोनातल्या अंतराने गुणायचं. पाटचारी आणि रस्ता समांतर गेलेले असतील तर मधला तुकडा असाच असतो.

या आकाराचा खरा कस शेततळ्यात लागतो. वर २० × २० मीटर, खोली ३ मीटर, आणि उतार एकास एक, म्हणजे जितकं खाली तितकंच आत. तळ झाला १४ × १४. चारही बाजूंच्या भिंती समलंब: वरची कड २०, खालची १४. अंतर मात्र ३ मीटर धरायचं नाही. ३ मीटर ही उभी खोली आहे. कागद, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून घालायचं प्लास्टिकचं अस्तर, उतारावर अंथरला जातो. उतारावरची लांबी म्हणजे ३ चा वर्ग अधिक ३ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: ४.२४ मीटर.

एका भिंतीचं क्षेत्र १७ × ४.२४ = ७२ चौरस मीटर. ३ ने गुणणाऱ्याला ५१ च आलं असतं. चार भिंती २८८, तळ १९६, एकूण ४८४ चौरस मीटर.

पण ४८४ चा कागद मागवला तर पुरणार नाही. कागद एकसंध चौरस येतो आणि कोपऱ्यांत त्याच्या घड्या पडतात. शिवाय वर चरात दाबायला चारही बाजूंनी मीटरभर लागतो. म्हणून कागदाची बाजू मोजा: १४ + ४.२४ + ४.२४ + २ = सुमारे २४.५ मीटर. २४.५ × २४.५ = ६०० चौरस मीटर. क्षेत्रफळ ४८४ आणि खरेदी ६००. कोटेशन पाहताना दुकानदार लुबाडतोय असं वाटायच्या आधी हा हिशेब करा.

नाल्याकडची वाकडी बाजू

गिरणा नदीच्या किंवा एखाद्या नाल्याच्या काठचा बांध सरळ नसतो. आधी वावराच्या आतून, काठाजवळ, एक सरळ दोरी ताणा. दोरीच्या आतला भाग त्रिकोण-चौकोनांनी मोजा. दोरी आणि काठ यांच्यातली वाकडी चकती उरते. दोरीवर सारख्या अंतरावर खुणा करून प्रत्येक खुणेपासून काठापर्यंत काटकोनात टेप न्या.

समजा दर ३० फुटांवर लंब भरले: ०, १८, २६, ३१, २४, १२, ०. पहिला आणि शेवटचा निम्मे धरा, मधले सगळे पूर्ण, बेरीज करा आणि ३० ने गुणा. इथे दोन्ही टोकं शून्य आहेत, म्हणून १११ × ३० = ३,३३० चौरस फूट, तीन गुंठ्यांच्या थोडं वर. काठ जास्त नागमोडी असेल तर खुणा १५ फुटांवर घ्या. काठ एखाद्या ठिकाणी दोरीच्या आत आला तर तिथलं क्षेत्र वजा करायचं.

सातपुड्याच्या पायथ्याकडे, धडगाव-अक्कलकुवा बाजूला, उताराच्या जमिनीत आणखी एक पथ्य. नकाशावरचं क्षेत्र आडव्या पातळीवरचं असतं. टेप जमिनीवर टेकवून उतारावरून मोजला तर लांबी जास्त येते. २० अंशांच्या उतारावर १०० फूट मोजले तर आडवे ९४ च असतात. टेप आडवा, हवेत धरा, खालच्या टोकाला ओळंबा सोडा, आणि लहान लहान टप्प्यांत उतरा.

गोल विहीर

विहिरीचा व्यास मोजायला मध्ये उतरता येत नाही. बाहेरून कठड्याभोवती टेप गुंडाळून परीघ घ्या. परिघाला २२ ने भागून ७ ने गुणलं की व्यास. ६६ फूट परिघाला २१ फूट व्यास. मग परीघ × व्यास ÷ ४ = ६६ × २१ ÷ ४ = ३४६.५ चौरस फूट. त्रिज्येच्या वर्गाला २२/७ ने गुणलं तरी हेच येतं, पण परीघ हातात असताना ही वाट जवळची. ‘लीलावती’तला नियमही हाच आहे. कठडा धरून मोजलंत तर हे क्षेत्र कठड्यासकटचं. लागवडीतून वजा करायला तेच हवं, विहिरीतल्या पाण्याचा हिशेब काढायला आतला व्यास लागेल.

सातबाऱ्याशी ताडून पाहणं

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०० आर म्हणजे एक हेक्टर. आपले ६५,००० चौरस फूट म्हणजे ६,०३९ चौरस मीटर (०.०९२९ ने गुणा), सातबाऱ्याच्या भाषेत ०.६०.३९. आर आणि गुंठा एकच समजायची सवय आहे. आर १,०७६ चौरस फुटांचा, गुंठा १,०८९ चा. दोन-चार आरला फरक पडत नाही, पण एक हेक्टर म्हणजे ९८.८४ गुंठे, शंभर नव्हेत.

ताडताना पोटखराब्याचा, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीचा, रकाना वगळू नका. एकूण क्षेत्रात नाला, खडक, पोटखराबा धरलेला असतो. तुम्ही फक्त पेरणीची जमीन मोजली असेल तर आकडा कमी येणारच, आणि त्यात शेजाऱ्याचा दोष नाही.

मोबाईलवर वावराभोवती फिरून क्षेत्र दाखवणारी ॲप वाईट नाहीत. मात्र मोकळ्या आभाळाखालीही फोनची जागा चार-पाच मीटर इकडेतिकडे सरकते. पाच एकरांच्या तुकड्यात ते खपून जातं. गावठाणातल्या एक गुंठ्याच्या प्लॉटची बाजूच दहा मीटर असते, तिथे त्या आकड्यावर विसंबून सौदा करू नये.

आणि बांधाचाच वाद असेल तर यातलं काहीही कामाचं नाही, टेपही नाही आणि ॲपही नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा लागतो. चालू सातबारा आणि चतुःसीमेच्या खातेदारांची नावं-पत्ते सोबत ठेवा, कारण त्यांना नोटीस जाते. मोजणीच्या दिवशी हद्दीवरचं गवत, बाभळी आधीच काढून ठेवा आणि जुने खुणेचे दगड उकरून मोकळे करा. दगड सापडले तर काम लवकर आटपतं.